मैनेचं पथ्य आणि उतेकरांचा डबा

बुद्धरत्न तांबे यांनी पुढे केलेली वस्तू आजवर कुणी नाकारली नव्हती. सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून त्यांची हयात गेली. तिथे लोक त्यांनी दिलेला कागद दोन्ही हातांनी घ्यायचे, वाचायचे नंतर, आणि कपाळाला हात लावायचे त्याहून नंतर. निवृत्त झाल्यावर विहारात त्यांनी पुढे केलेली खीर, सल्ला आणि पावतीपुस्तक या तिन्ही गोष्टी मंडळी मुकाट घेत. हा मान मोडला तो मैनेने. तिने त्यांची वाटी हुंगली, मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढच्या उजव्या पायाने वाटीभोवतीची फरशी खरवडायला सुरुवात केली.

मांजर असं केव्हा खरवडतं हे ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना सांगायला नको. ज्यांच्या घरी नाही त्यांनी एवढंच समजावं, की विधी उरकल्यावर त्यावर माती ओढायची मांजराची रीत असते, आणि मैना ती रीत तांबेसाहेबांच्या स्वयंपाकाला लावत होती.

मांजराचं नाव मैना कसं, हे विचारू नका. मुलगी श्रुतिका शाळेत असताना तिने ठेवलं, मग ती लग्न होऊन पनवेलला गेली, नाव आणि मांजर दोन्ही महाडलाच राहिली. आता मैना म्हातारी झाली होती. अंग झडलं होतं, उडी मारायच्या आधी ती विचार करायची, आणि विचार करून झाल्यावर पुष्कळदा उडी रद्द करायची. म्हणून तांबेसाहेबांनी तिला पिशवीत घातलं आणि चांगूच्या रिक्षातून जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

तिथे आधी प्रश्न पडला तो नोंदीचा. गाय, म्हैस, बैल, शेळी आणि कोंबडी यांना रकाने होते, मांजराला नव्हता. शिपाई म्हणाला, "शेळीत घालू काय?" ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना चुकीच्या रकान्यावरून परत पाठवलं, तो आपलं मांजर शेळीत कसं जाऊ देईल? तांबेसाहेबांनी वाद घालून 'इतर' असा नवा रकाना आखून घेतला. तोवर मैना पिशवीतून निघून औषधांच्या कपाटावर जाऊन बसली होती.

डॉक्टर सारिका तरुण होत्या, पण बोलणं ठाम. म्हणाल्या, "दात झिजलेत. मूत्रपिंडं थकायला लागलीत. वजन फार उतरलंय. सुकट बंद, मीठ बंद, मसाला बंद. संतुलित आहार द्यायचा, वेळेवर द्यायचा. आणि तिला ताण येईल असं वागायचं नाही."

बाजूला उभ्या असलेल्या तांबेसाहेबांच्या पत्नी शर्मिलाताई तोंडावर पदर धरून हसायला लागल्या. कारण तांबेसाहेबांच्या ब्लडप्रेशरच्या डॉक्टरने त्यांना नेमकं हेच सांगितलं होतं. फक्त ताणाचा मुद्दा उलटा होता, तिथे तो घ्यायचा नव्हता, इथे द्यायचा नव्हता.

त्या दिवसापासून तांबेसाहेबांनी स्वयंपाकघराचा एक कोपरा ताब्यात घेतला. उकडलेलं चिकन, थोडी कलेजी, अंड्याचा बलक, चमचाभर लाल भोपळा, आणि वर डॉक्टरांनी दिलेली पावडर, जिने म्हणे केसांना चकाकी येते. सगळं बिनमिठाचं, एकजीव केलेलं, कोमट. ते मोजत, कालवत, वाटी मांडत आणि पाठीमागे हात बांधून शेजारी उभे राहत. मैना येई, हुंगे, खरवडे आणि निघून जाई.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. खालच्या मजल्यावरच्या प्रयागबाई वर आल्या आणि मांजराकडे न बघताच म्हणाल्या, "भाऊ, नजर हाय ही." तांबेसाहेबांनी त्यांना अंधश्रद्धेवर छोटंसं व्याख्यान दिलं. प्रयागबाईंनी ते ऐकून घेतलं, खाली गेल्या, आणि तांबेसाहेबांना त्रास नको म्हणून आपल्याच दारात लाल मिरच्या जाळल्या. जिन्यातून धूर वर आला, सगळी इमारत खोकायला लागली. खोकली नाही ती एक मैना. प्रयागबाई म्हणाल्या, बघा, नजर किती मोठी होती.

श्रुतिकाने व्हिडिओ कॉलवर सांगितलं की बाबा, तिला प्रेमाने बोलवा. बाबांनी बोलावलं. त्यांच्या प्रेमाने बोलावण्यात आणि सुनावणीला पुकारण्यात फारसा फरक नव्हता, पण प्रयत्न केला.

चांगूने रिक्षातून मान वळवून वेगळाच उपाय काढला. "सायेब, सव गावच्या कुंडावर न्या. गरम पाण्याने सांधे सुटतात, सांधे सुटले का भूक लागते. माझ्या आयशीला लागली." हा उपाय शास्त्रीय वाटल्यामुळे तांबेसाहेब फसले. कुंडाच्या कडेला त्यांनी पिशवीची चेन जराशी उघडली मात्र, मैनेने वाफ पाहिली आणि जन्मात मारली नव्हती अशी उडी साहेबांच्या डोक्यावर मारली. मैना कोरडी राहिली. तांबेसाहेब पँट, शर्ट आणि पाकिटासकट आत गेले. आधीच आत बसलेले एक म्हातारबाबा सरकून जागा देत म्हणाले, "आलाच हाव तर बसा वाईच."

आणि परतीच्या वाटेवर झालं काय, की ओलेगच्च तांबेसाहेब मागे कुडकुडत बसले असताना मैना पुढे चांगूच्या मांडीजवळ गेली आणि त्याच्या फडक्यातली भाकरी तिने खाल्ली. सुकटीची चटणी लावलेली, भरपूर मिठाची. चांगू म्हणाला, "खाते की हो सायेब. तुमच्या हातचंच नाय खात वाटतं."

तांबेसाहेबांनी ओल्या बाह्या पिळल्या. पण ते वाक्य त्यांना घशात अडकलेल्या काट्यासारखं बोचत राहिलं. आपण तिच्यासाठी कलेजी शिजवायची, कुंडात पडायचं, आणि हिने रिक्षावाल्याच्या मांडीशी बसून जेवायचं. त्यांना चांगूचा राग आला, आणि राग नव्हे तर हेवा वाटतोय हे कळल्यावर स्वतःचाही आला. वर्षावासाचे दिवस होते, रोज संध्याकाळी विहारात वाचन असे आणि वाचक तेच होते. मत्सर हा मनाचा मळ आहे, असं त्यांनी त्या आठवड्यात दोनदा मोठ्याने वाचलं होतं.

आता समोरच्या दाराची ओळख करून दिली पाहिजे. तिथे धोंडू उतेकर राहायचे. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात गाव, मुलगे मुंबईला, बायको जाऊन दोन-तीन पावसाळे झालेले. माणूस मोठ्या अंगाचा, मोठ्या आवाजाचा आणि एकटा. गावाहून काही आलं की ते पितळी कडीच्या डब्यात घालून तांबेसाहेबांच्या दाराला अडकवून जायचे. कधी काकडी, कधी कुळथाचं पिठलं. आणि शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत पाठवायचं नसतं, हे शर्मिलाताईंना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. काही नसलं तर निदान मूठभर साखर घालून तोच डबा त्या उतेकरांच्या कडीला अडकवून यायच्या. दोन्ही बाजूंनी कुणी दार ठोठावायचं नाही, कुणी काही बोलायचं नाही. डबा काय ते बोलायचा.

अलीकडे मात्र डबा रोज यायला लागला होता आणि त्याचा थाटही वाढला होता. पिठल्याच्या जागी खेकड्यांचा रस्सा यायला लागला. एकदा वड्यांसकट गावठी कोंबडी आली. तांबेसाहेब पथ्य विसरून रस्सा ओरपायचे आणि म्हणायचे, "उतेकरांचा हात काय मोकळा सुटलाय गं." शर्मिलाताई म्हणायच्या, "हो ना."

महिन्याभराने पुन्हा दवाखाना झाला. मैनेने घरात एक घासही घेतला नव्हता, त्यामुळे तांबेसाहेब वाईट बातमीची तयारी करून गेले होते. डॉक्टरांनी तिला काट्यावर ठेवलं, पुन्हा ठेवलं, तिच्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "वा, काका. वजन वाढलंय. केस बघा किती चमकतायत. इतकं काटेकोर पथ्य कुणी पाळत नाही. असंच चालू ठेवा."

काय चालू ठेवायचं, हे तांबेसाहेबांना कळेना.

मग मात्र मनात पाल चुकचुकली. घरी येऊन त्यांनी दार लावलं, मैनेला उचललं आणि तिच्या तोंडाचा वास घेतला. शर्मिलाताईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "माझ्या तोंडाचा इतक्या आपुलकीने कधी घेतला नाही." साहेबांनी लक्ष दिलं नाही. त्यांना वाटलं, हिचं बाहेर कुठेतरी आहे. नक्की आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैना उठली, आळस दिला आणि गॅलरीतून निघाली. मागोमाग, चपला हातात घेऊन, अनवाणी तांबेसाहेब. ती कुठेही इकडेतिकडे न बघता उतेकरांच्या खिडकीतून आत शिरली. साहेब खिडकीखाली वाकले. गुडघा कटकन वाजला, पण आत कुणाचं लक्ष नव्हतं.

धोंडू उतेकर फरशीवर फतकल मारून जेवायला बसले होते. समोर ताट. ताटाला टेकून मैना. उतेकर एक घास आपल्या तोंडात घालायचे, एक तिच्यापुढे ठेवायचे.

"हा तुझा गो बाय. हा माझा. आजबी आळणीच लागतंय, नाय? असू दे. आयतं मिळतंय, नाव ठेवू नये."

आणि मैना जेवत होती. डोळे मिटून, मचमच आवाज करत. खरवडणं नाही, हुंगणं नाही. घास संपला की ती उतेकरांच्या गुडघ्यावर पाय ठेवून पुढचा मागत होती. इतक्या वर्षांत तांबेसाहेबांच्या गुडघ्यावर तिने असा पाय कधी ठेवला नव्हता, निदान त्यांना त्या क्षणी आठवेना. नोकरीत बढती हुकली तेव्हासुद्धा त्यांना इतकं वाईट वाटलं नव्हतं, कारण ती ज्याला मिळाली तो निदान तिला भाकरीचा तुकडा टाकून घेऊन गेला नव्हता.

ते सरळ उभे राहिले आणि खिडकीतूनच गरजले, "उतेकर, तुम्ही माझ्या मांजराला विष घालताय."

धोंडूभाऊंचा घास हातातच राहिला. मैनेने तो हातातूनच खाल्ला.

पुढचं सगळं गॅलरीत झालं, आणि गॅलरीत झालं म्हणजे प्रयागबाईंच्या समक्ष झालं. तांबेसाहेबांनी मूत्रपिंडांपासून सुरुवात केली. सुकट म्हणजे मीठ, मीठ म्हणजे मरण, डॉक्टरांची सक्त मनाई आहे आणि लोक खुशाल दुसऱ्याच्या घरातलं जनावर फितवतात, असं ते म्हणाले.

"मी कशाला फितवू? ती आपली येती," उतेकर म्हणाले. "आन् सुकट नाय घातली मी. शपथ घेतो."

"मग काय घालता?"

"वैनी पाठवतात तेच."

"कोण वहिनी?"

"तुमच्याच वैनी. दुसरी कोन हाय मला?"

उतेकर आत गेले आणि पितळी कडीचा डबा घेऊन आले. तांबेसाहेबांनी आत पाहिलं. चिकन, कलेजी, बलक, भोपळा. कालवण्याची पद्धतही ओळखीची. ते डब्याकडे बघत राहिले. मग सगळ्यांनी आवाज ऐकून बाहेर आलेल्या शर्मिलाताईंकडे पाहिलं.

"मी काय करणार?" शर्मिलाताई म्हणाल्या. "रोज एवढं अन्न टाकून द्यायचं? ती भावजींकडे जाते हे मला दिसत होतं. म्हटलं, डबा रिकामा जायला नको आणि मैनेच्याही पोटात जाईल. मला वाटलं, भावजींना कळेल हे तिचं आहे म्हणून. भोपळा आणि कलेजी एकत्र कालवून कुठला माणूस खातो?"

धोंडूभाऊंनी डब्याकडे पाहिलं, मग मैनेकडे, मग पुन्हा डब्याकडे.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "महिनाभर मी मांजराचं जेवान जेवलो?"

प्रयागबाईंनी पदराआड तोंड नेलं, पण खांदे हलायचे राहिले नाहीत.

"मला वाटलं, सायबांना बीपी, घरात सगळ्यांना हेच पथ्य असंल," उतेकर म्हणाले. "बिचारे हे खातात, त्यातलं मला पाठवतात. म्हणून तर मी जरा बरं काय मिळालं का घालत होतो डब्यात. खेकडे काय, कोंबडी काय. म्हटलं, खाऊ देत बिचारे चवीचं."

तांबेसाहेबांना महिन्याभराचा खेकड्यांचा रस्सा एकदम आठवला. आपण त्याचा रस्सा ओरपत होतो आणि तो आपल्या मांजराचं गिळत होता, तेही आपली कीव करून. अपमान नेमका कुणाचा झाला हे ठरवायला त्यांना फुरसत हवी होती.

"वाईट नव्हतं तसं," उतेकर पुढे म्हणाले. "कोठा साफ व्हायचा. आन् मिशा बघा कशा चकाकल्यात."

त्यावर सगळे हसले. तांबेसाहेबसुद्धा हसले. पण घरात येऊन दार लावल्यावर त्यांचं हसू गेलं आणि हेवा राहिला, पहिल्यापेक्षा मोठा. सुकट असती तर गोष्ट वेगळी होती. सुकटीपुढे हरण्यात कमीपणा नाही, कोकणात सगळेच हरतात. पण इथे चिकन त्यांचं, कलेजी त्यांची, भोपळा त्यांनी किसलेला, आणि मांजर दुसऱ्याचं. ते रात्रीच्या भाकरीला शिवले नाहीत.

शर्मिलाताईंनी ताट उचलताना एवढंच म्हटलं, "तुम्ही तिच्या डोक्यावर उभे राहता, अहो. भावजी बसतात. आणि तेच खातात."

सकाळी तांबेसाहेबांनी गॅलरीचं दार घट्ट लावून घेतलं. मिश्रण कालवलं, वाटीऐवजी ताटात घेतलं, आणि भिंतीला धरून, गुडघ्यांची समजूत काढत फरशीवर बसले. मैना लांब बसून बघत होती. त्यांनी एक घास उचलला, डोळे मिटले आणि तोंडात घातला. ती चव वर्णन करण्यासारखी नव्हती. उतेकर नावाच्या माणसाबद्दल त्यांना पहिल्यांदाच खरा आदर वाटला. महिनाभर हे खाऊन तो म्हणाला, वाईट नव्हतं.

दुसरा घास त्यांनी ताटाच्या कडेला ठेवला आणि भिंतीकडे बघत बसले. बऱ्याच वेळाने गुडघ्यावर काहीतरी मऊ टेकलं. मैना जेवत होती. साहेबांनी श्वाससुद्धा जपून घेतला. एक घास तिचा, एक आपला, असं करत ताट संपलं, आणि हयातीतली सगळ्यात मोठी बढती मिळाल्यासारखे ते तसेच भिंतीला टेकून बसले. उठता येत नव्हतं हेही एक कारण होतं.

मग त्यांना उतेकरांचा डबा दिसला. काल भांडणात इकडेच राहिलेला, आता घासून ओट्यावर पालथा घातलेला.

"यात काय घालू?" शर्मिलाताईंनी विचारलं.

"काही नको."

"अहो, रिकामा कसा पाठवणार?"

"मी देऊन येतो," ते म्हणाले, आणि खरोखरच जाऊन उतेकरांच्या कडीला रिकामा डबा अडकवून आले. रिकाम्या डब्याचा आवाज वेगळा येतो. तो त्यांनी ऐकला, आणि बरं वाटल्यासारखं करून घेतलं.

त्या संध्याकाळी गॅलरीचं दार बंदच होतं. साहेब पुन्हा फरशीवर बसले होते, दुसरं ताट चाललं होतं. मैना त्यांच्या गुडघ्याशी. समोरचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने त्यांच्या दारात धोंडू उतेकर उभे राहिले. इतक्या वर्षांत ते डबा घेऊन असे दारात कधी आले नव्हते.

"वैनी," ते म्हणाले, "डबा रिकामा आला. माझं काय चुकलं काय?"

शर्मिलाताई नवऱ्याकडे बघायला लागल्या. उतेकर मात्र त्यांच्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर खाली, साहेबांच्या गुडघ्याकडे होती. तांबेसाहेबांनी ती नजर ओळखली. गेला महिनाभर दाढी करताना आरशात तीच दिसत होती.

"जेवली काय ती?" उतेकरांनी विचारलं.

"जेवतेय."

"तुमच्या हातनं?"

"माझ्या हातून."

"बरं झालं." ते म्हणाले. पण गेले नाहीत. एवढा मोठा माणूस, डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिला. "मी आपलं दोघांचं ताट वाढून बसलो होतो. सवय हो. मगाशी वाढलं न् बसलो, न् मग म्हटलं, आता एकट्याने काय जेवायचं."

तांबेसाहेब ताटाकडे बघत राहिले. विहारात जे वाचतो त्यातलं काहीही त्यांना त्या वेळी आठवलं नाही. आठवलं एवढंच, की मागे महाडात पूर आला आणि इमारतीतले सगळे गच्चीवर अडकले तेव्हा मैना ज्या घोंगडीत बसली होती ती उतेकरांची होती. मांडी आपली होती, हे खरं. पण घोंगडी त्याची.

"घे तो डबा त्यांच्याकडून," त्यांनी बायकोला सांगितलं. भिंतीला धरून उठले, पातेल्यातलं मिश्रण डब्यात घातलं. अर्धा डबा भरला. पूर्ण भरण्याइतकं त्यांचं मन अजून झालं नव्हतं.

"सकाळी इथे," ते उतेकरांना म्हणाले. "संध्याकाळी तुमच्याकडे. आणि तुम्हाला खायचं नसेल तर नका खाऊ, आता माहीत झालंय."

"खातो की. मी नाय खाल्लं तर ती कशी खाईल?" उतेकर म्हणाले. मग जरा चाचरत, "वाईच मीठ घालू काय?"

"तुमच्या वाट्यात घाला. तिच्या नाही."

त्यांनी गॅलरीचं दार उघडलं. मैना उठली, आळस दिला, आणि डब्यामागोमाग चालायला लागली. एकदाही मागे वळून न बघता गेली.

शर्मिलाताई ताट उचलायला आल्या तेव्हा साहेब जागेवर नव्हते. ते गॅलरीत उतेकरांच्या खिडकीजवळ उभे होते, कान देऊन. आतून उतेकरांचा आवाज येत होता, हा तुझा गो बाय, हा माझा. आणि मचमच ऐकू येत होती. फरशी खरवडल्याचा आवाज काही येत नव्हता.

नव्या वाटणीच्या पहिल्या दिवशी उतेकरांकडे निदान एकदा तरी तिने खरवडायला हवं होतं, असं तांबेसाहेबांना वाटलं.